महासंगणक आणि गासचा पाऊस

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम ७४ मिलिमीटर पडला. अशा दिवशी ‘मुंबईत मुसळधार पाऊस’ हे मोघम भाकीत कोणाच्या कामी येणार? हवामानाचा अंदाज उपयोगी ठरतो तो सूक्ष्मतेमुळे, आणि सूक्ष्मतेची किंमत मोजावी लागते.

संगणकावर वातावरणाच्या चौकटी पाडून प्रत्येकीतील वारा, तापमान व बाष्प यांची समीकरणे टप्प्याटप्प्याने सोडविली जातात. चौकटीची बाजू निम्मी केली, की चौकटी चौपट होतात; काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो. म्हणजे श्रम आठपट! म्हणून हे काम हजारो प्रोसेसरांत वाटून एकाच वेळी उरकतात. अ‍ॅडम स्मिथने सांगितलेली श्रमविभागणी ती हीच. मात्र शेजारच्या चौकटीत काय घडले, हे प्रत्येकाला वारंवार विचारावे लागते. त्यात वेळ जातो. माणसे दुप्पट लावली म्हणून काम दुप्पट वेगाने होतेच असे नाही.

या विद्येत पुण्याचे स्थान मोठे आहे. १९८८ मध्ये तेथे सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. २०२४ मध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्का’ आला. मे २०२५ पासून ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ने चौकट बारा किलोमीटरवरून सहावर आणली.

सहा किलोमीटरच्या चौकटीत गास, निर्मळ, वाघोली ही गावे एकत्र मावू शकतात. भाजी आजच काढावी की उद्या, हे ठरविणाऱ्या येथील बागायतदारास असा अंदाज मोलाचा आहे. एकाने वापरल्याने तो दुसऱ्यास कमी पडत नाही. म्हणूनच या सार्वजनिक वस्तूवरील सरकारी खर्च समर्थनीय ठरतो.

परंतु पाऊस किती पडेल हे यंत्र सांगते. पडलेले पाणी कोठे साचेल हे सांगत नाही. ते भरतीवर, नाल्यांवर आणि भराव घातलेल्या जमिनींवर अवलंबून असते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल ठप्प झाल्या, हे वसईकर विसरलेले नाहीत. नाल्यांची व उंचसखल जमिनीची बिनचूक मोजणी करून ती या अंदाजाशी जोडणे, हे स्थानिक प्रशासनाचे काम आहे. त्यास महासंगणक लागत नाही, इच्छाशक्ती लागते. ती नसेल, तर पुण्यात केलेली कोट्यवधींची गुंतवणूक गासच्या बांधापर्यंत पोहोचणार नाही.