टाकी नव्हे, टाकीखालचे रबर

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून एक प्रश्न सतत विचारला जातो: या पेट्रोलने मोटारसायकलची टाकी फुगते का? फुगलेल्या टाक्यांची छायाचित्रे मोबाइलवर फिरतात आणि जुनी गाडी वापरणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. थोडक्यात उत्तर असे की, काही प्लास्टिकच्या टाक्या खरोखर फुगतात. पण आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींची टाकी प्लास्टिकची नाहीच. तिथे फुगते ते टाकीखालचे रबर. धोका छोटा आहे, पण खरा आहे आणि तो कोणी नीट सांगितलेला नाही.

टाकी फुगण्याची गोष्ट मूळची परदेशातली. डुकाटी या इटालियन कंपनीच्या काही महागड्या मोटारसायकलींना नायलॉन जातीच्या प्लास्टिकची टाकी होती. प्लास्टिक हलके असते आणि त्याला हवा तो आकार देता येतो. अमेरिकेत दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर या टाक्या फुगू लागल्या. टाकी बसवण्याचे बोल्ट भोकांशी जुळेनात, टाकी सांगाड्यावरून सरकू लागली. तिथल्या ग्राहकांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. पुढे तडजोड झाली आणि कंपनीने टाक्यांची वॉरंटी वाढवून दिली.

यामागचे रसायनशास्त्र सोपे आहे. नायलॉनच्या रेणूंना पाण्यासारख्या ध्रुवीय रेणूंची ओढ असते. पाण्यात बुडवून ठेवले तर काही नायलॉन वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी पिऊ शकतात. निव्वळ पेट्रोल ध्रुवीय नसते, त्यामुळे ते नायलॉनमध्ये फारसे शिरत नाही. इथेनॉलचा रेणू मात्र पाण्याच्या जातकुळीतला. तो नायलॉनच्या साखळ्यांमध्ये शिरतो, त्यांना एकमेकींपासून दूर सारतो आणि भिजलेल्या दाराची चौकट फुगावी तशी टाकी फुगते. मोटारींमध्ये सर्रास असते ती पॉलिथिलिनची टाकी. या प्लास्टिकला इथेनॉलची ओढ नसल्याने ते असे फुगत नाही. म्हणजे ‘प्लास्टिकची टाकी’ एवढे म्हणून भागत नाही. प्लास्टिक कोणते, हे महत्त्वाचे.

आपल्या रस्त्यांवरच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या नेहमीच्या मोटारसायकलींची टाकी पोलादी पत्र्याची असते. ती फुगणार नाही. पण तिच्यातले पेट्रोल इंजिनपर्यंत जाते ते रबराला खेटून: पेट्रोलची नळी, कॉकमधली वायसर, कार्बोरेटरच्या कपाची ओ-रिंग, फ्लोटच्या सुईचे रबरी टोक. नायट्राइल जातीच्या साध्या रबराची एक विचित्र खोड आहे. निव्वळ पेट्रोलमध्ये ते कमी फुगते, निव्वळ इथेनॉलमध्येही कमी फुगते. सर्वाधिक फुगते ते दोहोंच्या मधल्या मिश्रणात. वीस टक्के हे प्रमाण नेमके त्या पट्ट्यात येते. शिवाय रबर मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये हे मिश्रण हळूहळू बाहेर ओढून घेते. मग गाडी काही आठवडे उभी राहिली की तेच रबर आकसते, कडक होते आणि त्याला चिरा पडतात. नळी गरम इंजिनच्या जवळून जाते. तिथली गळती म्हणजे केवळ पेट्रोलचे नुकसान नव्हे, आगीची शक्यता.

हे सरकारला माहीत नव्हते असे नाही. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पुण्याची एआरएआय, डेहराडूनची पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र यांनी केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष आहेत. ई-२० मध्ये धातू आणि धातूवरचे लेप ठीक राहिले. रबरासारख्या पदार्थांची कामगिरी साध्या पेट्रोलच्या तुलनेत खालावली आणि नायलॉनच्या एका प्रकाराची ताणशक्ती घटली. गाड्या चालू होण्यात किंवा चालवण्यात मात्र अडचण आली नाही. चित्र स्पष्ट होते: इंजिन बंद पडणार नाही, पण काही सुटे भाग लवकर झिजतील.

त्यानंतरचा प्रवास वेगवान झाला. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०३० चे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. एप्रिल २०२३ पासून बाजारात आलेल्या गाड्यांचे साहित्य ई-२० ला चालेल असे करण्यात आले. त्याआधीच्या कोट्यवधी गाड्यांचे काय, हा प्रश्न उरला. ऑगस्ट २०२५ मध्ये ओरड वाढल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की, काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील. ते स्वस्त आहेत आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतील. ई-२० वापरल्याने विमा रद्द होतो ही अफवाही मंत्रालयाने खोडून काढली.

खुलासा चुकीचा नाही, अपुरा आहे. कोणत्या मॉडेलचे कोणते भाग, कोणत्या रबराचे, किती रुपयांना? याचे उत्तर गॅरेजवाल्याकडे नाही आणि गाडीमालकाकडे तर नाहीच. जुन्या साध्या रबराच्या जागी तसलेच साधे रबर बसवले तर पुन्हा तेच होणार. इथेनॉलला टिकणारे फ्लोरोकार्बन रबर महाग असते आणि दोन्ही नळ्या बाहेरून सारख्याच काळ्या दिसतात.

दुसरा हिशेब मायलेजचा. एक लिटर इथेनॉलमधून पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा मिळते. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार जुन्या दुचाकींमध्ये मायलेज तीन ते चार टक्के आणि जुन्या चारचाकींमध्ये सहा ते सात टक्के घटते. पन्नासचे मायलेज देणारी गाडी दीड-दोन किलोमीटर कमी चालेल. महिन्याला वीस लिटर पेट्रोल टाकणाऱ्याला साठ-ऐंशी रुपयांचा फटका. मायलेज निम्मे झाल्याच्या गोष्टींना आधार नाही. ‘काहीच फरक नाही’ या म्हणण्यालाही नाही. या घटीची भरपाई म्हणून मिश्र पेट्रोल स्वस्त असावे, असे त्याच आराखड्यात सुचवले होते. ते झाले नाही. सरकारचे म्हणणे असे की, इथेनॉलची खरेदी आता लिटरला सरासरी ७१ रुपयांच्या पुढे पडते.

कोल्हापूरसाठी तिसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषते. दहा टक्क्यांच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, वीस टक्क्यांत त्याहून जास्त. नुसत्या दमट हवेने ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. पण टाकीच्या झाकणाचे रबर चिरलेले असेल आणि गाडी पावसात उभी असेल किंवा पंचगंगेच्या पुरात बुडाली असेल, तर ती ओलांडली जाते. मग पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसते आणि कॉकमधून आधी तेच खाली उतरते. पोलादी टाकीला गंज चढतो तोही तिथूनच. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्याला हे सांगायलाच हवे की, पुरात बुडालेली गाडी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे केल्याशिवाय चालू करू नये.

इतर देशांनी काय केले? ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के मिश्रण आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल ठेवले आणि कोणत्या गाडीला कोणते चालते हे तपासण्याची सोय इंटरनेटवर दिली. अमेरिकेत पंधरा टक्के मिश्रण २००१ नंतरच्या मोटारींना चालते, मोटारसायकलींना ते वापरण्यास मनाई आहे आणि तसा इशारा पंपावर चिकटवलेला असतो. ब्राझीलमध्ये मिश्रण तीस टक्क्यांवर गेले आहे, पण तिथली तयारी १९७५ पासूनची आणि गाड्याही त्यासाठीच बनवलेल्या. आपल्याकडे जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल सुरू ठेवण्याची सूचना २०२१ च्या आराखड्यातही होती. आज नेहमीच्या पंपावर तो पर्याय नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्या वेळी सरकारी बाजूने ऊस उत्पादकांच्या हिताचा मुद्दा मांडला गेला.

तो मुद्दा कोल्हापूरइतका कुणाला कळणार? वारणानगर, शिरोळ, कागलच्या पट्ट्यात साखर कारखान्यांना डिस्टिलऱ्यांची जोड मिळाली. तेल कंपन्यांकडून येणाऱ्या इथेनॉलच्या पैशाने उसाची बिले भागवायला हातभार लागला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा हा आधार किती नाजूक आहे हेही दिसले. आता देशातले निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून, मुख्यतः मक्यापासून बनते. तरीही इथेनॉल बंद करा, असे या जिल्ह्यातला शेतकरी म्हणणार नाही आणि म्हणण्याचे कारणही नाही. पण ज्याचा ऊस डिस्टिलरीत जातो, तोच पंधरा वर्षांच्या मोटारसायकलवर दुधाचे कॅन बांधून डेअरीत जातो. फायदा आणि झीज एकाच घरात येतात. फायद्याचा आकडा जाहीर होतो, झिजेचा होत नाही.

म्हणून मागणी इथेनॉलविरोधाची नाही, माहितीची असावी. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहावे. कंपन्यांनी २०२३ पूर्वीच्या प्रत्येक मॉडेलसाठी बदलायच्या रबरी भागांची यादी आणि किंमत मराठीत जाहीर करावी. इथेनॉलला टिकणाऱ्या नळीवर वेगळी खूण असावी.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. दर सर्व्हिसिंगला मेस्त्रीला पेट्रोलची नळी दाबून पाहायला सांगावे. ती चिकट, फुगीर किंवा चिरलेली वाटली तर लगेच बदलावी. टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरचा कप रिकामा करावा. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवते, त्यामुळे फिल्टर आणि जेट एकदा साफ करून घ्यावेत. गाडीजवळ पेट्रोलचा वास सतत येत असेल तर तो नळीचा इशारा समजावा आणि ती बदलेपर्यंत गाडी चालवू नये.