आधी कातडी दाखवा, मग गोळी द्या

पाऊस सुरू झाला की खामगाव-मलकापूरच्या गल्ल्यांपासून मोताळा-संग्रामपूरच्या गोठ्यांपर्यंत कुत्र्यांची खाज वाढते. अंग ओलं राहतं, पिसवा आणि गोचीड माजतात. पोटावर पुळ्या येतात, पाठीवर गोल चट्टे उठतात, केस झडून खपल्या धरतात. मग घरातलं कुणीतरी मेडिकलवर जातं आणि सांगतं, “कुत्र्याला इन्फेक्शन झालंय, काहीतरी द्या.” पाच गोळ्या मिळतात. तीन दिवसांत पुळ्या सुकल्या की उरलेल्या दोन फडताळात जातात. महिन्याभरात पुळ्या परत येतात आणि या वेळी जास्त भारी गोळी मागितली जाते.

बुलढाणा जिल्ह्यात कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांना, गल्लीतल्या मुक्या जिवांना भाकर घालणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: हे या पावसाळ्यापासून थांबवा. डॉक्टरांनी कातडी तपासल्याशिवाय जनावराला अँटिबायोटिक देऊ नका.

कुत्र्याच्या कातडीवर पू करणारा मुख्य जंतू स्टॅफिलोकॉकस सूडइंटरमिडियस. तो निरोगी कुत्र्याच्या तोंडात, नाकात, अंगावरही असतोच. कातडी शाबूत असते तोवर तो निमूट राहतो. पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी, खरजेचे किडे, खाण्यातली किंवा हवेतली ॲलर्जी, थायरॉइडचा बिघाड, यांपैकी काहीतरी आधी कातडी बिघडवतं आणि मग हा जंतू हात धुऊन घेतो. म्हणजे पू बहुधा मागाहून येतो. गोळीने पू आटतो, पण पिसवा जिथल्या तिथे राहतात. म्हणून तर पुळ्या परत येतात. औषध कमी पडलं असं आपण समजतो, आणि मूळ कारण तसंच राहतं.

कातडीचा आजार नुसता पाहून ओळखणं किती अवघड आहे, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असेल? २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला, कुणी बुरशीला. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव तर तपासणीआधीच गावोगाव पोहोचलं. आयसीएमआरचं पथक आलं, पाण्याचे, रक्ताचे, कातडीचे नमुने गेले. पुढे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीतून बोट गव्हातल्या सेलेनियमकडे वळलं. त्या गावांत प्रत्येकाला अंदाजाने अँटिबायोटिक दिलं असतं, तर सेलेनियम त्याने हललं नसतं. माणसांच्या बाबतीत आपण तपासणीची वाट पाहिली. जनावरांच्या बाबतीत एक दिवसही थांबत नाही.

आणि ही तपासणी फार खर्चाची नाही. पुळीवर काचपट्टी टेकवायची, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. जंतू आहेत, यीस्ट आहे की दोन्ही, हे थोड्या वेळात कळतं. कातडी खरवडून पाहिली की खरजेचे किडे सापडू शकतात. आपल्या डॉक्टरांना हे करायला सांगा. त्यात संकोच कसला?

मांजरांचं तर आणखी वेगळं आहे. मांजरीच्या अंगावरच्या बऱ्याच जखमा ॲलर्जीच्या असतात, जंतूंच्या नसतात. गोल, केस गेलेला चट्टा गजकर्णाचा असू शकतो. ती बुरशी आहे, अँटिबायोटिकने ती मरत नाही. उलट आठ दिवस वाया जातात आणि तेवढ्यात मांजरीला कुशीत घेणाऱ्या पोरांच्या हातावर तेच चट्टे उठतात. बोक्यांच्या भांडणात चाव्याचं गळू झालं, तर ते उघडून, पू काढून, धुऊन घेणं हाच मोठा उपचार. माणसांची गोळी मांजरीला अंदाजाने दिली, तर इजाही होते. डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी गिळवली आणि अन्ननलिकेत अडकली, तर तिथे जखम होऊन नळी आकसते. एन्रोफ्लॉक्सासिनचा डोस जास्त झाला तर मांजरीची दृष्टी जाऊ शकते. वाढत्या वयाच्या पिल्लाला हेच औषध दिलं तर सांध्यांच्या कुर्चेला धोका असतो.

आता गोळी अर्धवट दिल्याने, पुन्हा पुन्हा बदलल्याने काय होतं ते ऐका. कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात, त्यांचीच वीण वाढते. त्यातूनच मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस तयार झाले आहेत. त्यांच्यावर सेफालेक्सिन चालत नाही, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट चालत नाही, आणि बरेचदा इतर गटांची औषधंही चालत नाहीत. असा जंतू आपल्याच ओसरीवर लोळणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर असतो. त्याच कुत्र्याला पोरं मिठी मारतात, म्हातारी आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला अंदाज आहे. त्यातली बहुतेक जबाबदारी कुत्र्या-मांजरांची नाही, हेही खरं. पण आपल्या अंगणातला वाटा आपल्याच हातात आहे.

मग करायचं काय? कुत्र्यांच्या वरवरच्या पुळ्यांसाठी जगभरच्या पशू-त्वचारोगतज्ज्ञांनी २०२५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पहिला उपचार बाहेरून. क्लोरहेक्सिडीन असलेला प्राण्यांचा शाम्पू, आठवड्यातून दोन-तीन वेळा. फेस लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. लोक फेस लावतात आणि लगेच पाणी ओततात, तिथेच फसतं. कुत्र्याला धरून बसा, त्याच्याशी बोला, पण दहा मिनिटं भरू द्या. अंग नीट कोरडं करा. जोडीला पिसवा-गोचिडांवर डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलं औषध. ते घरातल्या सगळ्या प्राण्यांना द्या, नाहीतर एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर येत राहतात. गोठ्यातल्या गोचिडांचाही बंदोबस्त त्याच वेळी करा. एक सावधगिरी: कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन मांजरीला कधीही लावू नका, त्याने मांजर मरू शकते.

खोलवरच्या जखमा असतील आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, तर ते पूर्ण द्या आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा दाखवायला न्या. पुळ्या सुकलेल्या दिसल्या म्हणून मनाने बंद करू नका, बरं वाटतंय म्हणून मनाने वाढवूही नका. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर गोळी बदलून मागू नका, कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे या जंतूवर कोणतं औषध चालतं याची तपासणी, करा म्हणा. खामगाव-शेगावकरांना अकोला जवळ आहे. तिथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. अवघड, वारंवार उलटणारी केस असेल तर तिथे विचारा.

लूत लागलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल चोपडणारे हात दयाळूच असतात. पण ते ऑइल तो चाटतो, ते पोटात जातं, कातडीही भाजते. बिस्किटातून अँटिबायोटिक देणाऱ्यांनाही सांगणं आहे: आज मिळाली, उद्या नाही, परवा शेजारच्या कुत्र्याने खाल्ली, असा उपचार चिवट जंतूच वाढवतो. खरजेवर आता डॉक्टरांकडे अशा गोळ्या आहेत ज्यांचा एक डोस कित्येक आठवडे पुरतो. गल्लीतल्यांनी वर्गणी काढून त्या दिल्या, तर पैसे सत्कारणी लागतील.

मेडिकलवाल्या दादा-ताईंना हात जोडून विनंती: चिठ्ठीशिवाय देऊ नका. सेफिक्झिम, सेफपोडॉक्सिमसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत; १ मार्च २०१४ पासून त्यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवणं आणि ती तीन वर्षं जपणं कायद्याने बंधनकारक आहे. गिऱ्हाईक कुत्र्यासाठी मागतंय म्हणून नियम बदलत नाही. आणि पशुवैद्यक मित्रहो, मालक “एक सुई मारा, खाज थांबवा” म्हणून घाई करतो, हे कळतं. पण स्टेरॉइड आणि अँटिबायोटिकच्या त्या सुईने खाज दबते आणि डेमोडेक्सची खरूज असेल तर ती आणखी भडकते. दोन मिनिटं काचपट्टीला द्या.

प्राणी पाळणाऱ्यांनो, आज एवढं करा: औषधांच्या डब्यातले उरलेले पत्ते बाजूला काढा, जनावराच्या अंगावरचे चट्टे मोबाइलवर तारखेसह टिपून ठेवा आणि दवाखान्यात दाखवा. जनावर खात नसेल, अंग तापलं असेल, कातडी फुटून रक्त-पू वाहत असेल, तर शाम्पूच्या भरवशावर बसू नका, त्याच दिवशी न्या. त्याला अँटिबायोटिक लागू शकतं, आणि ते वेळेवर मिळायला हवं.