पाठवले, पण पोचले काय?

कचेरीतल्या जावक बारनिशीत नोंद झाली म्हणजे कागद निघाला एवढेच ठरते. तो पोचला हे ठरायला पोचपावती परत यावी लागते. कारकुनाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळणारी ही गोष्ट संगणकांच्या जगात रुजायला बरीच वर्षे लागली, आणि ती पुरती रुजली आहे असे अद्याप म्हणवत नाही.

दूरच्या संगणकाकडे फाइल पाठविण्याची रीतसर नियमावली एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी मांडली. कानपूरच्या आयआयटीतून ते अमेरिकेतील एमआयटीत गेले होते. त्या वेळी जाळ्यावर संगणक मोजके आणि ते चालविणारे बहुधा परस्परांच्या ओळखीचे. त्यामुळे या पद्धतीत परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई, याचे कोणाला वावगे वाटले नाही. जाळे पसरल्यावर हा भाबडेपणा महागात पडला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द असे चोरले गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू यूलोनेन यांनी सारा मजकूर सांकेतिक करून धाडणारी एसएसएच पद्धत तयार केली. पुढच्याच वर्षी कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी आरसिंक आणले. दोन्ही टोकांच्या प्रतींतील तुकड्यांचे पडताळ्याचे आकडे ताडायचे आणि बदलले असेल तेवढेच पाठवायचे, ही त्यातली युक्ती.

पडताळ्याचा हा आकडाच खरी पोचपावती होय. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेची माहिती ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांत वाटली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक. इतक्या फाइलींवर माणूस नजर ठेवू शकत नाही. काम यंत्रावरच सोपवावे लागते; परंतु तार तुटली तर पुन्हा प्रयत्न करणे आणि शेवटी दोन्हीकडचे आकडे जुळवून पाहणे, हेही त्याच्यावर सोपवावे लागते. नाहीतर अर्धी फाइल पूर्ण नावाने जागेवर बसते आणि महिनाभर कोणाला पत्ता लागत नाही.

एवढे करूनही सुरक्षितता हाती लागते असे नाही. फाइली सुरक्षित पाठविण्यासाठीच घेतलेल्या मूव्हइट या प्रणालीतील एका दोषाचा फायदा मे २०२३ मध्ये क्लॉप टोळीने उठविला. दोन हजारांवर संस्थांची आणि कोट्यवधी माणसांची माहिती गेली. बीबीसी व ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची माहिती तर त्यांच्या पगाराचे काम पाहणाऱ्या कंपनीमार्फत गेली. चोरांनी वाटेवर काहीच लुटले नाही. सर्व्हरवर पडून राहिलेल्या फाइली त्यांनी उचलल्या. टपालाच्या थैलीचे कोठार झाले होते. दोष निर्मात्यांचा खराच. पण पोचलेली फाइल मधल्या मुक्कामावर ठेवायची कशाला, हा प्रश्न वापरणाऱ्यांनाही टाळता येणार नाही.

शाळांचे गुण, पगारपत्रके, निवृत्तिवेतनाचे तपशील आज असेच संगणकांमधून जातात. अशी यंत्रणा विकत घेताना वेगाची चौकशी अगत्याने होते. रात्री अडलेल्या फाइलींची यादी सकाळी कोणाच्या टेबलावर येणार, आकडे जुळल्यावर मधली प्रत किती दिवसांत पुसली जाणार आणि त्यावर सही कोणाची, हे मात्र क्वचितच विचारले जाते. निविदेतच ही तीन कलमे घालावयास फारसा खर्च येणार नाही.