केसपेपरवर धुण्याची एक ओळ हवी

हा अंक हाती पडेल तेव्हा फुलसावंगीच्या शिवारात कपाशी कमरेला लागलेली असेल आणि फवारणीचे पंप पाठीवर चढलेले असतील. महागाव, पुसद, उमरखेडच्या पट्ट्यात या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर दोन तऱ्हेचे रुग्ण शेजारी बसतात. एक पुरुष, वावरातून येऊन मळमळ, डोकेदुखी, अंधुक दिसणे सांगणारा. एक बाई, हाताच्या भेगा भरत नाहीत, खाज जात नाही म्हणणारी. पुरुषाला आपण लगेच विचारतो, काय फवारले? बाईला मलम लिहून देतो. तिने घरी कोणाचे कपडे धुतले, कशाने धुतले, हे विचारणारे आपल्यात थोडेच आहेत. त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी या महिन्याचे संपादकीय आहे.

आधी धुण्याच्या सामानाकडे पाहू. वडी, धुण्याचा सोडा आणि नीळ एवढ्यावर भागणारे गावातले धुणे आता पावडर, लिक्विड आणि शेवटच्या पाण्यात टाकायच्या सुगंधी सॉफ्टनरपर्यंत आले आहे. दोन-चार रुपयांच्या पुड्यांमुळे ही सगळी उत्पादने खेड्यातल्या किराणा दुकानात लटकलेली दिसतात. वापरण्याची पद्धत मात्र हाताचीच राहिली. बादलीत पावडर अंदाजाने ओतायची, कपडे भिजवायचे, दगडावर घासायचे, पिळायचे. साबणाच्या त्या पाण्याचा पीएच साधारण दहाच्या पुढे असतो, निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. त्यात रोज तासभर हात राहिले की त्वचेवरचा स्निग्ध थर विरघळतो, कातडी कोरडी पडते, बोटांच्या टोकांना आणि बेचक्यांत चिरा जातात. अंगठी-बांगडीखाली पाणी साचून तिथला चट्टा आधी दिसू लागतो. हा दाहक त्वचारोग आहे, ॲलर्जी नव्हे. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका गटाने २००२ साली पॅच टेस्टच्या आधारे दाखवले होते की, कपड्यांच्या डिटर्जंटची खरी ॲलर्जी एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत निघते. म्हणून ‘पावडरची ॲलर्जी’ असा शिक्का मारून पावडर बदलायला सांगण्यापेक्षा प्रमाण कमी करणे, हातमोजे आणि धुण्यानंतर साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल हा सल्ला अधिक कामाचा. आणि नायटा समजून स्टेरॉइड मिसळलेले मलम तर कदापि देऊ नये.

सॉफ्टनरची गोष्ट थोडी वेगळी. पावडर खळबळून निघून जाते, निदान जावी अशी अपेक्षा असते. सॉफ्टनर शेवटच्या पाण्यात टाकतात ते कपड्यावर राहावे म्हणूनच. त्यातले धनभारित रेणू धाग्यांना चिकटतात आणि त्यामुळे कापड मऊ लागते. युरोपात १९९० च्या दशकात जुने, पाण्यात लवकर न विघटणारे घटक मागे पडून त्यांच्या जागी एस्टरक्वाट आले. पाण्यातल्या जीवांच्या दृष्टीने ती सुधारणा होती. मऊपणासोबत कपड्यावर सुगंध आणि परिरक्षकही राहतात. लिनॅलूल, लिमोनीन ही सुगंधी द्रव्ये हवेत ऑक्सिडाइज होऊन त्वचेला ॲलर्जी देणारी संयुगे तयार करतात. मिथिलआयसोथायझोलिनोन या परिरक्षकाला अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवले होते. धुण्याच्या सुगंधांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिलिअल या द्रव्यावर प्रजननक्षमतेला धोका म्हणून युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली.

तपासताना एक खूण लक्षात ठेवावी. कपड्यातून येणारा चट्टा कापड जिथे घासते तिथे उठतो: मानेभोवती, कमरेच्या पट्ट्यावर, काखेच्या कडांवर. काखेचा मधला खोलगट भाग बहुधा वाचतो. दुर्गंधीनाशकाचा चट्टा नेमका त्या खोलगट भागात येतो. लहान मुलाच्या अंगावर असे दिसले, तर त्याच्या कपड्यांना सॉफ्टनर बंद करून तीन-चार आठवडे वाट पाहणे हाच सोपा उपाय आहे. टॉवेल आणि लंगोटांना तर सॉफ्टनर नकोच. पाणी शोषण्याची त्यांची ताकद त्याने कमी होते.

वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांनी मात्र आपण घाबरून जाऊ नये. सुगंधी धुण्यातून बेंझीन आणि ॲसिटाल्डिहाइड हवेत जातात, असे २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तो अभ्यास फारच थोड्या घरांतल्या कपडे वाळवण्याच्या यंत्रांच्या धुराड्यांवर केलेला होता. दोरीवर उन्हात कपडे वाळवणाऱ्या आपल्या गावाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. डिटर्जंटच्या निर्मितीत नकळत तयार होणाऱ्या १,४-डायऑक्सेनवर न्यूयॉर्क राज्याने कायद्याने मर्यादा आणली, ती दक्षतेची गोष्ट आहे. पण आपल्या रुग्णाची आजची खाज किंवा धाप त्याने समजत नाही. प्रमाण ओळखणे हे वैद्याचे काम आहे, आणि आपल्या भागात प्रमाणाचा काटा दुसरीकडे झुकतो.

यवतमाळ जिल्हा २०१७ विसरलेला नाही. त्या वर्षी कपाशीची उंच झाडे, बोंडअळीचा प्रादुर्भाव आणि एकावर एक मिसळलेली औषधे यांत जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दाखल झाले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. नंतर शासनाने प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेंथियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या पाच औषधांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. मास्क, हातमोजे, पंप यांवर तेव्हा भरपूर बोलले गेले. फवारणाऱ्याचा भिजलेला सदरा संध्याकाळी कोणाच्या हातात गेला, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

तो सदरा बायकोच्या, आईच्या किंवा सुनेच्या हातात जातो. फवारताना कपाशी अंगाला घासते, औषध पायजम्यावर, बाह्यांवर, पाठीवर उतरते. पंप गळत असेल तर पाठ ओलीच असते. तो कपडा घराच्या खुंटीवर टांगला जातो, मुलाच्या शाळेच्या गणवेशासह एकाच बादलीत भिजतो. कापडातले कीटकनाशक एका धुण्यात पूर्ण निघत नाही आणि सोबत भिजवलेल्या कपड्यांतही उतरते, हे शेतीच्या कपड्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. पाण्यात मिसळणाऱ्या तेलकट द्रवाचे डाग पावडर औषधापेक्षा चिवट असतात.

कपड्यातून विषबाधा होते याचे पुरावे जुने आहेत. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे नव्या जीन्स घातलेल्या मुलांना ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा झाली. वाहतुकीत त्या कापडावर कीटकनाशक सांडले होते. त्याची नोंद १९६३ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आहे. त्याच नियतकालिकात १९८९ साली दुसरी नोंद आली: पॅराथिऑन सांडलेला गणवेश रीतसर धुतला, पुन्हा घातला आणि घालणारा आजारी पडला. धुतलेला कपडा म्हणजे निर्विष कपडा, हा आपला सर्वांचा समज त्या एका नोंदीने खोटा ठरवला आहे.

धुण्याचे सामान आणि फवारणीचे औषध हे दोन विषय इथे एकमेकांना येऊन मिळतात. तीव्र पावडरने जिच्या हाताची कातडी उघडी पडली आहे, तिच्या शरीरात औषध अधिक सहज शिरते. साबणातले फेस करणारे घटकच त्वचेचा अडसर कमी करतात. आणि कपड्याला उरलेला उग्र वास ही घरच्यांना मिळणारी एकमेव सूचना असते. सॉफ्टनरचा सुगंध ती झाकून टाकतो. वास गेला म्हणजे औषध गेले, असे मानून तो सदरा पुन्हा घडी करून कपाटात जातो. म्हणून फवारणीच्या कपड्यांना सॉफ्टनर वापरू नये, हे आपण स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता कामाच्या गोष्टी. जुलै ते नोव्हेंबर या काळात प्रत्येक केसपेपरवर धुण्याविषयी एक ओळ असावी: घरी फवारणी चालू आहे का, ते कपडे कोण धुते, कशाने, कोणत्या कपड्यांसोबत. डोकेदुखी, अंधुक दृष्टी, जास्त लाळ, घाम, स्नायूंचे फडफडणे घेऊन आलेली बाई कधी वावरात गेली नसेल, तरी बाहुल्या पाहाव्यात. विषबाधेचा रुग्ण आला, तर ॲट्रोपिनसोबतच त्याचे कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. भिजलेला सदरा अंगावर राहिला तर विष आत जातच राहते. काढलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावेत. ती पिशवी ‘घरी नेऊन धुवा’ म्हणून नातेवाइकांच्या हाती देऊ नये. मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही हातमोजे द्यावेत.

घरच्यांना सांगायचा सल्ला लहान आहे, तो आशाताईंनाही पाठ असावा. फवारणीचे कपडे घराबाहेर उतरवावेत आणि त्याच दिवशी वेगळ्या बादलीत धुवावेत. रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत. आधी नुसत्या पाण्यातून काढावेत, मग गरम पाण्यात भरपूर पावडर घालून दोनदा धुवावेत, उन्हात वाळवावेत. पाणी विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर टाकावे. डब्यातले घट्ट औषध सांडलेला कपडा धुण्याच्या लायकीचा राहत नाही, तो पुन्हा वापरू नये. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीच एकत्र करू नये. मुलाने लिक्विड किंवा सॉफ्टनर तोंडात घातले, तर उलटी करवू नये; फेस श्वासनलिकेत जातो. शंका असेल तिथे दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला चोवीस तास मिळतो.

एक मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते, कपड्यांच्या पावडरीवर आणि सॉफ्टनरवर ती सक्ती आपल्याकडे नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या डिटर्जंट नियमांनुसार, डॉक्टरने मागितल्यास उत्पादकाने घटकांचा पूर्ण तक्ता विनामूल्य आणि विनाविलंब द्यायचा असतो. फुलसावंगीच्या डॉक्टरलाही तोच हक्क हवा. समोरच्या बाईच्या हाताला काय लागले, हे ओळखण्यासाठी त्याला आज अंदाजावर विसंबावे लागते.

कायदा यायला वेळ लागेल. केसपेपरवरची ओळ मात्र उद्याच्या ओपीडीपासून सुरू करता येते. वाचकांनी या हंगामातल्या अशा नोंदी, रुग्णाची ओळख न देता, आमच्याकडे पाठवाव्यात. त्या आम्ही छापू आणि मागणीच्या निवेदनाला जोडू.