सीनेपलीकडची तुर्की

करमाळा तालुक्याच्या पूर्व अंगाला, केमच्या आसपास, जुनी माणसं सीना नदीपलीकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत आली. सीना ओलांडली की परांडा, आणि परांडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. अलीकडची बाजू इंग्रजांची. सोयरीक जुळवताना, बाजाराला निघताना ही हद्द माणसांच्या हिशेबात असायची. राज्य गेलं तरी नाव जिभेवर राहिलं.

त्या नावात किती इतिहास साठलाय, हे आपण पुरतं वाचलेलंच नाही. मोगलांचा मूळपुरुष बाबर. त्यानं आपल्या आठवणी, म्हणजे बाबरनामा, चगताई तुर्कीत लिहिल्या, कारण ती त्याची जन्मभाषा होती. निजामाचे पूर्वजही समरकंदकडून आलेले. पहिल्या निजामाला तरुणपणी औरंगजेबाकडून किताब मिळाला होता चिन किलीच खान, आणि किलीच म्हणजे तुर्कीत तलवार. इस्तंबूलमध्ये आजही तलवारीला हाच शब्द आहे. या निजामाच्या पदरी रावरंभा निंबाळकर होते. करमाळ्याचा किल्ला आणि १७२७ सालचं कमलाभवानीचं देऊळ त्यांच्या नावावर सांगतात. ज्या जहागिरीतून करमाळा उभं राहिलं, तिच्या वरच्या धन्याच्या नावात तुर्की तलवार होती.

आपल्याकडे मात्र या साऱ्याची नोंद ‘अरबी-फारसी’ या एकाच खात्यात होते. स्पर्धा परीक्षेचं व्याकरण घेऊन बसलेली मुलं परभाषेतून आलेल्या शब्दांच्या याद्या पाठ करतात. पोर्तुगीज, कानडी, गुजराती, फारसी असे रकाने असतात. तुर्कीच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादी ओळ, कधी तीही नाही. हे मला खटकतं. तुर्की शब्द वेगळे काढले, की आपल्या भागातल्या माणसांनी तीनचारशे वर्षं कुठं आणि कसं आयुष्य काढलं ते दिसू लागतं. फारसीच्या ढिगात ते दिसत नाही.

तुर्की बोलणाऱ्या टोळ्या मूळच्या अल्ताई डोंगर आणि मंगोलियाकडच्या गवताळ पट्ट्यातल्या. ओर्खोन नदीच्या खोऱ्यात इसवी सन ७३२ आणि ७३५ मध्ये उभारलेले त्यांचे शिलालेख अजून वाचता येतात. तिथून त्या पश्चिमेला सरकल्या, इराणवर राज्य करू लागल्या. राज्य चालवायला दप्तर लागतं, ते त्यांनी इराणी कारकुनांच्या फारसीत ठेवलं. धर्माची भाषा अरबी झाली. तुर्की उरली घोड्यावर, तंबूत आणि लढाईत. हीच वाटणी पुढं दिल्लीत आणि दख्खनेत आली. म्हणून अर्ज, जमीन, तालुका, वसूल, फिर्याद हे आपले कचेरीतले शब्द अरबी-फारसी आहेत, आणि तोफ, कुमक, चकमक, एल्गार हे छावणीतले शब्द तुर्की. फारसीच्या बोटाला धरून ते इथवर आले, म्हणून तेही फारसीच ठरले.

छावणी तर आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पडलेलीच होती. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहाच्या बहिणीचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी सोलापुरात झालं. हुंडा म्हणून सोलापूरचा किल्ला द्यायचं ठरलं, पण तो दिला गेला नाही. त्यावरून दोन्ही शाह्या चाळीसेक वर्षं लढत राहिल्या, आणि शेवटी चांदबिबीच्या लग्नात तेच सोलापूर उलट बाजूनं हुंडा म्हणून विजापूरकडं गेलं. या सगळ्या काळात दोन्हीकडच्या फौजांत मराठे होते. ज्याच्या शेजारी उभं राहून लढायचं त्याची हाक कळायलाच हवी. तुर्की शब्द आपल्याकडं आले ते या वाटेनं, पोथीतून नव्हे.

विजापुरात त्या काळी तुर्की खरोखर बोलली जात होती. फिरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की इस्माईल आदिलशाहाला (कारकीर्द १५१० ते १५३४) दख्खनीपेक्षा तुर्की आणि फारसी भाषा, संगीत, रीतीभाती अधिक प्रिय होत्या. दख्खनी तो क्वचितच बोले. त्याचा मुलगा पहिला इब्राहिम नेमका उलट. गादीवर येताच त्यानं परदेशी सरदारांना मोठ्या संख्येनं काढलं, दख्खनी लोकांना त्यांच्या जागी आणलं, हिशेबाचं दप्तर फारसीतून देशी भाषेत आणलं. दप्तराची भाषा एका हुकमानं बदलली. तोफेचं नाव कुणी बदललं नाही, कारण तोफ ओतणारा माणूसच तुर्क मुलखातून येत होता.

त्याचा सगळ्यात मोठा पुरावा परांड्यानं कित्येक वर्षं सांभाळला. मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलंय, महंमद रूमी. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा अनातोलिया. वजन सुमारे पंचावन्न टन, आणि तोंड सिंहाचं, त्याच्या जबड्यात हत्ती. पुढं ती परांड्याच्या किल्ल्यात आली. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली आणि आजही ती तिथल्या बुरुजावर आहे. ती ओढायला शेकडो बैल आणि हत्ती लागले असं सांगतात. आकड्यांवर कुणी पैज लावू नये, पण पंचावन्न टनांचं धूड परांड्याहून भीमेपार नेताना वाटेतल्या गावांची जनावरं आणि माणसं जुंपली गेली असणार, यात मला शंका नाही. त्या माणसांना ‘तोफ’ हा शब्द कोशातून शिकावा लागला नाही. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतही निजामशाही तोफखान्याचा प्रमुख होता चलबी रूमीखान. चलबी ही तुर्कांचीच आदराची पदवी. आणि इस्तंबूलमधल्या तोपकापी राजवाड्याच्या नावातला ‘तोप’ म्हणजे आपलीच तोफ.

आता यातले काही शब्द मराठीनं कुठल्या कुठं नेले ते पाहा. कुमक म्हणजे तुर्कीत साधी मदत. उझबेक, कझाक, अझरबैजानी माणूस आजही शेजाऱ्याच्या मदतीला जवळपास हाच शब्द वापरतो. मराठीनं तो फौजेपुरता राखला, म्हणून बंदोबस्ताला जादा पोलीस येतात तेव्हा ती कुमक असते आणि शेजारी धावून येतो तेव्हा मदत. चकमक म्हणजे ठिणगी पाडायचं साधन. तुर्कस्तानात आज सिगारेटच्या लायटरला हाच शब्द आहे. मराठीत गारगोटीचा अर्थ मागं पडला आणि दोन तुकड्यांची झटापट पुढं आली. तंबूची कनात तुर्कीत पंख आहे.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द एल्गार. तुर्कीत इल्गार म्हणजे घोडदळाची भरधाव धाड. मराठीत तो आधी किल्ल्यावरच्या निकराच्या हल्ल्याला लागला. मग लढाया संपल्या, आणि शब्द मरायच्या ऐवजी रस्त्यावर आला. आता उसाच्या दरासाठी, पाण्याच्या आवर्तनासाठी, दुधाच्या भावासाठी एल्गार पुकारला जातो. धाड घालणाऱ्याचा शब्द मागणी करणाऱ्याचा झाला, आणि हे काम तुर्कांनी केलं नाही, फारसीनंही नाही. ते मराठी माणसानं केलं. सुरेश भटांनी १९८३ मध्ये आपल्या गझलांच्या संग्रहाला हेच नाव दिलं तेव्हा कुणालाही तो परका वाटला नाही.

एक प्रत्ययही राहिलाय, तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तमाशाच्या फडातला तबलजी घ्या. त्यातला ‘जी’ आदराचा नाही. तो तुर्कीतला ‘ची’ आहे, अमुक काम करणारा. मशालजी तसाच, खजांची तसाच. तबला आणि मशाल अरबीतून आले, त्यांना शेपूट तुर्की लागलं, आणि मराठी कानानं ‘ची’चा ‘जी’ केला. तुर्कस्तानात चहावाल्याला आजही चायजी म्हणतात.

केमच्या कुंकवाच्या कारखान्यात हा सगळा थर एका जागी सापडतो. कुंकू आणि हळद संस्कृतातून आलेली, कारखाना आणि मजूर फारसी, हजेरी अरबी, आणि पिशव्या कापायची कैची तुर्की. चाकूही तुर्कीच. यातलं काय परकं म्हणून बाहेर काढायचं?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतोय, कारण भाषेच्या शुद्धीकरणाचा आग्रह अधूनमधून डोकं वर काढतो आणि त्याला शिवाजी महाराजांच्या, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला दिला जातो. त्या कोशाबद्दल मला मनापासून आदर आहे. रघुनाथपंतांकडून तो करून घेण्यामागं स्वतंत्र राज्याचा स्वतंत्र कारभार असावा ही दृष्टी होती. पण तो राज्यकारभारासाठी केलेला कोश होता. लोकांच्या बोलण्यावर दंड बसवायचा तो हुकूम नव्हता. सावरकरांनी सुचवलेला ‘दिनांक’ सरकारी कागदावर रुजला, तेही चांगलंच झालं. तरी तारीख कोर्टात पडतेच. तोफेला, चाकूला, एल्गाराला पर्याय रुजला नाही, कारण हे शब्द आपल्या लोकांनी अंग मोडून, रक्त सांडून कमावलेले आहेत. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, माधव जूलियनांच्या १९२५ च्या फार्शी-मराठी कोशात ही मुळं धुंडाळण्याचं काम फार कष्टानं झालंय. पुढच्या पिढीनं ते शाळेपर्यंत आणलं नाही, ही उणीव आपली.

ती भरून काढायला फार काही लागत नाही. करमाळा, केम, कुर्डुवाडीच्या शाळांपासून परांड्याचा किल्ला एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहे. बुरुजांवर अजून तोफा आहेत. मुलांना तिथं उभं करून महंमद रूमीची गोष्ट सांगावी आणि मग वर्तमानपत्राचं एक पान हातात देऊन त्यातले छावणीतून आलेले शब्द शोधायला लावावेत. आणि व्याकरणाच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती काढणाऱ्यांनी फारसीच्या शेजारी तुर्कीचा एक पुरता रकाना घालावा. त्यात पहिला शब्द एल्गार असावा, अशी माझी मागणी आहे.