जबानी लिहून घेणारा कोण?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. तिघे महाराष्ट्रातील होते. बेड्यांवरून संसदेत गदारोळ झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. परंतु तिकडे या माणसांची बाजू मांडायला कोणी होते काय, हा प्रश्न किती जणांनी विचारला?

अमेरिकेत खुनाच्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९६३ च्या गिडिऑन खटल्यापासून तो त्याचा हक्क आहे. देशाबाहेर काढण्याच्या खटल्यात मात्र वकील स्वतःच शोधायचा, पैसेही स्वतःच द्यायचे. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील देऊ केला आहे (पदरात किती पडतो, हा भाग निराळा!).

अमेरिकेतील ही उणीव सेवाभावी कायदा-मदत संस्था जमेल तशी भरून काढतात. त्याही सरकारी पैशावर विसंबल्या की काय होते, हे मार्च २०२५ मध्ये दिसले. एकट्याने आलेल्या सुमारे २६ हजार मुलांच्या वकिलीचा निधी सरकारने तोडला आणि संस्थांना कोर्टात धाव घ्यावी लागली.

या संस्थांत वकील मोजके. खरा भार वाहतात ते हाताखालचे कार्यकर्ते. फाईल लावणे, तारखा सांभाळणे, दुभाषा होणे, कागदांचे इंग्रजी भाषांतर करून त्याखाली सही करणे आणि मुख्य म्हणजे जबानी लिहून घेणे. आश्रयाचा अर्ज सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत आणि इंग्रजीतच द्यावा लागतो. आजवर फुकट असलेल्या या अर्जावर २०२५ च्या कायद्याने १०० डॉलर फीही बसविली.

आम्ही अॅट्रॉसिटीच्या केसेस चालवितो. फिर्यादीत ठाणे अंमलदाराने जातिवाचक शिवीगाळ लिहिलीच नाही, की पुढे उलटतपासणीत तीच 'ओमिशन' म्हणून पुढे येते आणि आरोपी मोकळा सुटतो. अमेरिकेतही तेच. २००५ च्या कायद्याप्रमाणे जबानीतील बारीकशी विसंगतीही, मूळ मुद्द्याशी संबंध नसला तरी, न्यायाधीश अविश्वासाचे कारण धरू शकतो.

आश्रयाला पाच कारणे चालतात: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गट. जातीचे नाव त्यात नाही. ती बहुधा 'सामाजिक गटा'त बसवून सिद्ध करावी लागते. आता पीडित सांगतो, 'गावाने वाळीत टाकले.' दुभाषा त्याचे इंग्रजी करतो, 'शेजाऱ्यांशी भांडण झाले.' संपली केस! असा दुभाषा जात न मानणाऱ्या, म्हणजे जात कधीच न सोसलेल्या घरातला असला तर त्याला यात आपले काही चुकले असे वाटणारही नाही.

२०२३ साली सिॲटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला. तो रास्तच होता. परंतु या टेबलामागे आपली माणसे किती? तिथे बसायला वकिलीची सनद लागत नाही. वकील नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यालाही मान्यताप्राप्त संस्थेमार्फत न्याय खात्याची परवानगी घेऊन पक्षकाराची बाजू मांडता येते, अशी नियमांतच तरतूद आहे. अमेरिकेतील आपले बांधव १४ एप्रिलला सभागृहे भरवितात. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक वही ठेवावी, आणि मराठी, हिंदी, पंजाबी लिहिता-बोलता येणाऱ्यांनी त्यात नाव घालावे.