गुडूची, यकृतपेशी आणि आपण

गुडूचीविषयी आपण वैद्यमंडळी आजवर जे लिहीत आलो ते बहुतांशी गौरवपर आहे आणि तो गौरव निराधार नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कामिलेच्या ३० रुग्णांवर केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसह गुडूची मिळालेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर ९२.४ टक्के रुग्ण वाचले, इतर गटात ४० टक्के. व्याख्यानांतून हे आकडे आपण अभिमानाने सांगतो.

त्याच मुंबईत, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी नोंदविले. सहाही जण गुळवेल घेत होते. हा वृत्तान्त २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने गुळवेलीचा यकृतहानीशी जोडलेला संबंध दिशाभूल करणारा ठरविला आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दिसायला सारख्या वेलीशी गल्लत होत असल्याकडे लक्ष वेधले. आपल्यापैकी पुष्कळांनी तेवढ्यावर समाधान मानले. मला ते मानता आले नाही, कारण त्या हिवाळ्यात लालबागच्या चाळीतील एक गृहिणी पिवळे डोळे घेऊन माझ्यासमोर बसली होती. ‘डॉक्टर, काढा तुम्हीच सांगितला होतात,’ एवढेच ती म्हणाली. तो किती दिवस घ्यायचा, हे मी सांगितले नव्हते. ती थायरॉइडची गोळी घेते, हे मी विचारले नव्हते.

येथे पेशी दुखावते कशी, हे पाहणे अगत्याचे आहे. पेशी एकाएकी मरत नाही. प्रथम मायटोकाँड्रियातील ऊर्जानिर्मिती मंदावते, पेशीपटलावरील सोडियमचा उपसा थांबतो, पाणी आत शिरून पेशी फुगते. कारण येथवर दूर झाले तर ती पूर्ववत होते. त्यापुढे कॅल्शियम आत लोटते, विकरे मोकाट सुटतात, पटल फाटते आणि परतीची वाट बंद होते. रक्तातील वाढलेले एसजीपीटी म्हणजे यकृतपेशीच्या आत असावयाचे विकर बाहेर सांडलेले असणे. षट्क्रियाकालाशी याचे साम्य दाखविण्याचा मोह मलाही होतो. पण साम्य दाखविले म्हणजे कारण सापडले, असे नव्हे.

कारणे निरनिराळी असतात. पॅरासिटामॉलची अतिमात्रा झाली की त्याचा विषारी अंश ग्लूटाथायोन संपवून थेट पेशीवर तुटून पडतो. तेथे मात्रा निर्णायक. गुळवेलीच्या या रुग्णांचे चित्र वेगळे होते. अनेकांच्या यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत, शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या यकृतपेशींवर उलटल्याची लक्षणे दिसली. म्हणजे परळच्या अभ्यासात ज्या गुणाने रुग्ण तारले, भक्षक पेशींना जागे करण्याच्या, तोच गुण स्वप्रतिकारविकाराची प्रवृत्ती असलेल्या देहात घातक ठरत असावा. मला ही उपपत्ती संभवनीय वाटते. ज्याला बल आहे त्याला उपद्रवाचे सामर्थ्यही असणार. अयोग्य रीतीने योजलेले उत्तम औषधही विषासमान होते, हे चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य त्याचे नव्हे, ते आपल्या दुकानांच्या पाट्यांवरचे आहे.

ऑक्टोबर २०२० च्या राष्ट्रीय चिकित्सा-निर्देशात प्रतिबंधासाठी गुडूची घनवटीचा काळ १५ दिवस किंवा एक महिना असा दिला होता. लोकांनी मात्र काढा महिनोन्‌महिने घेतला आणि आपण पाहत राहिलो.

क्रिस्पाची शंका मंत्रालय घेते, ती रास्त आहे. पण मग तिचे उत्तर आपण औषधालयवाल्यांनीच द्यायला हवे. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. ताजी वेल हाती घेऊन पाहणाऱ्याला त्या दिसतात, चूर्णात दिसत नाहीत. माझ्या रुग्णेने वेल दादर स्थानकाबाहेरून घेतली होती. तिचा तुकडाही उरला नाही, त्यामुळे ती गुडूची होती की क्रिस्पा, की इजेचे कारण तिसरेच, हे मला आजही सांगता येत नाही. आलेल्या प्रत्येक मालाचा नमुना तारीख घालून वर्षभर ठेवणे औषधालयाला अवघड नाही. उपद्रव आढळल्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात केंद्र असलेल्या औषधसुरक्षा योजनेकडे कळविण्याची सोयही आहे. कळविल्याने आपली बदनामी होते, हा समज मला अजब वाटतो. कावीळ झालेला रुग्ण शेवटी यकृततज्ज्ञाकडे जातोच. नोंद होतेच, फक्त ती आपल्या हातची नसते.

ती गृहिणी काढा थांबवल्यावर दोन महिन्यांत बरी झाली. माझ्या केसपेपरवर तेव्हापासून थायरॉइड, संधिवात आणि सुरू असलेली औषधे यांसाठी जागा छापलेली आहे. ती अजून माझ्याकडेच येते, गुडघ्यांसाठी. गुडूची तिला मी पुन्हा दिलेली नाही.